कळतं, पण वळत नाही: शुगर सुधारायची ओढ आतून कशी येते?

विचारणाऱ्या ताई 51 वर्षांच्या आहेत. घर सिंहगड रोडला, नोकरी लक्ष्मी रोडवरच्या बँकेत. मधुमेहाला आठ वर्षं झाली. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड अशा दोन गोळ्या चालू आहेत. शेवटच्या तपासणीत तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीएवनसी, 9.1 आली. डॉक्टर म्हणाले, "आता इन्सुलिनचा विचार करू." त्यानंतर ताई त्यांच्याकडे फिरकलेल्याच नाहीत. आईची नजर मधुमेहानं गेली, ते त्यांनी जवळून पाहिलं आहे. त्या लिहितात, "काय खायचं, किती चालायचं, सगळं मला पाठ आहे. घरातले रोज टोकतात. चार दिवस करते, मग सुटतं. मी मुळातच आळशी आहे का? बाकीच्यांना ही आतली ओढ मिळते कुठून?"

ताई, आधी आळशीपणाचं मिटवू. पहाटे उठून डबे, सासूबाईंची औषधं, दिवसभर काउंटर आणि येताना भाजी, हे तुमचं तुम्हीच लिहिलं आहे. इतकं सगळं वर्षानुवर्षं न चुकता करणाऱ्या बाईकडे चिकाटीची काय कमतरता असणार? ती सगळी दुसऱ्यांसाठी खर्च होते आणि तुमच्या वाट्याला दिवसातला शेवटचा, थकलेला तास येतो. पुण्यात मधुमेहाचे रुग्ण तपासताना चाळिशी-पन्नाशीच्या बायकांमध्ये मी हेच सगळ्यात जास्त पाहते. त्यांना "जरा मनावर घ्या" असं सांगितलं की त्या मान डोलावतात आणि घरी जाऊन स्वतःलाच दोष देत बसतात.

आणखी एक गोष्ट तुम्हाला बहुधा कुणी सांगितलेली नाही. वाढलेली शुगर स्वतःच मरगळ आणते. एचबीएवनसी 9.1 म्हणजे रक्तातली साखर दिवसरात्र सरासरी 214 च्या आसपास. साधारण 180 च्या वर गेली की साखर लघवीतून बाहेर पडू लागते आणि सोबत पाणी ओढून नेते. मग रात्री दोन-तीनदा उठावं लागतं, झोप तुटते, सकाळी अंग जड, तोंड कोरडं. अशा शरीराला संध्याकाळी सात वाजता चालायला जावंसं वाटत नसेल तर त्यात नवल नाही. इच्छा झाली की सुरुवात करू, असं म्हणून तुम्ही थांबला आहात. पण माझ्या बऱ्याच रुग्णांमध्ये क्रम उलटा असतो. औषध नीट बसवलं, शुगर थोडी खाली आली, रात्रीची झोप सलग झाली, की दोन-तीन आठवड्यांत अंगात हुशारी येते, आणि मग "आता चालून बघते" हे त्या आपणहून म्हणतात. ओढ पुष्कळदा पहिल्या सुधारणेच्या मागून येते.

म्हणून उत्साह नाही असं कुणी सांगितलं की मी आधी काही तपासण्या पाहते. हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-12. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांमध्ये बी-12 कमी होऊ शकतं, आणि त्यानंही थकवा येतो, पायाला मुंग्या येतात. लोह कमी असेल तर एचबीएवनसीचा आकडा खऱ्यापेक्षा थोडा जास्त दिसू शकतो, तेही पाहून घ्यावं. तुमच्या वयात पाळी जाण्याच्या सुमाराची झोपमोडही असते. आणि एक प्रश्न मी प्रत्येकीला विचारते, तुम्हालाही विचारते: गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस मन उदास होतं का, ज्यात पूर्वी रस होता त्यातला रस गेला आहे का? उत्तर हो असेल तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा. नैराश्य मधुमेह असलेल्यांमध्ये इतरांपेक्षा जास्त आढळतं आणि त्यावर उपचार आहेत. ते अंगात असताना केवळ निश्चयाच्या जोरावर शुगर सुधारा म्हणणं अन्यायाचं आहे.

अपराधीपणाचंही बोलू, कारण तुमच्या लिहिण्यात तो जागोजागी आहे. "मी फारशी जाड नाही, तरी मला का, माझंच काहीतरी चुकलं" असं तुम्ही म्हणता. याचं उत्तर शोधण्याचं मोठं काम आपल्याच शहरात झालं आहे. केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांत 1993 पासून गरोदर स्त्रिया आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास केला. ही बाळं जन्मतः सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या 3.5 किलोच्या बाळांपेक्षा बरीच हडकुळी. पण त्यांच्या अंगावर स्नायू कमी आणि त्या मानानं चरबी टिकून. आपल्याकडे बारीक दिसणाऱ्या माणसालाही मधुमेह का होतो, याचा एक धागा असा आईच्या पोटापर्यंत मागे जातो. आईला मधुमेह असल्याचा वारसा वेगळाच. तुम्ही लग्नकार्यात खाल्लेल्या जिलेब्यांनी हा आजार ओढवून घेतलेला नाही. अपराधीपणा कमी झाला की माणूस शुगर तपासायला कमी घाबरतो. न तपासण्याचं कारण बहुतेक वेळा भीती असते.

आता आई. त्यांच्या डोळ्यांची आठवण काढून स्वतःला रोज धाक घालायचा, असा उपाय तुम्ही करून पाहिला आहे. तुमच्या शब्दांत तो "चार दिवस" टिकतो. धाकाचं असंच असतं. फार भीती वाटली की माणूस त्या गोष्टीकडे पाहणंच टाळतो, आणि डॉक्टरकडे न जाणं हा त्या टाळण्याचाच भाग आहे. आईचा अनुभव खोटा नाही, पण तो तुमचं भविष्य नाही. ब्रिटनमध्ये 1977 साली सुरू झालेल्या आणि 1998 साली निष्कर्ष आलेल्या मोठ्या अभ्यासात टाइप 2 मधुमेहाचं नुकतंच निदान झालेले पाच हजारांवर रुग्ण होते. त्यांच्या आकडेवारीत एचबीएवनसी एका टक्क्यानं कमी असेल, तर डोळे आणि मूत्रपिंड यांसारख्या बारीक रक्तवाहिन्यांच्या त्रासाचा धोका सुमारे 37 टक्क्यांनी कमी दिसला. शिवाय आकडा जितका वरचा, तितका तो एक टक्का जास्त मोलाचा. 9.1 वरून 8.1 वर येण्यात जेवढं पदरात पडतं, तेवढं 7.5 वरून 6.5 वर येण्यात पडत नाही. म्हणून माझं तुम्हाला कळकळीचं सांगणं आहे: आत्ता 6.5 चा विचार सोडा. पहिली पायरी 8 च्या जवळ. तिथे पोचलात तरी तुमच्या डोळ्यांसाठी तुम्ही पुष्कळ केलंत. 2008 साली त्याच अभ्यासाचा पुढचा भाग आला. सुरुवातीची वर्षं ज्यांनी शुगर चांगली ठेवली, त्यांना त्याचा फायदा दहा वर्षांनंतरही मिळत होता, त्यांचे आणि अभ्यासातल्या बाकीच्या रुग्णांचे एचबीएवनसीचे आकडे मधल्या काळात सारखे झालेले असूनही.

मग ओढ कशाची धरायची? "आरोग्यासाठी" हे उत्तर मला फारसं चालत नाही. ते खरं असतं, पण मंगळवारी संध्याकाळी पाऊस पडत असताना ते कुणाला घराबाहेर काढत नाही. मी विचारते, "शुगर बरी असती तर या वर्षी काय केलं असतंत, जे आत्ता करत नाही?" पहिलं उत्तर गुळगुळीत येतं. थोडं थांबलं की दुसरं येतं, आणि तेच खरं असतं. एक बाई म्हणाल्या होत्या, "डिसेंबरात सवाई गंधर्वला बसायचंय, पण दर तासाला उठावं लागतं म्हणून मी जाणंच सोडलं." हे कारण त्यांनी घरी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्याला वाटत होतं यांची गाण्याची आवडच गेली. एका रिक्षावाल्या दादांना संध्याकाळी समोरचे दिवे पसरलेले दिसायचे. शुगर वरखाली होते तेव्हा डोळ्यातलं भिंग थोडं फुगतं आणि नजर बदलते, हे कळल्यावर त्यांनी नंबर बदलायची घाई थांबवली आणि गोळ्या वेळेवर घ्यायला लागले. एकांना पालखीबरोबर पुण्याहून सासवडला, दिवे घाट चढून, एकदा तरी चालत जायचं होतं. त्यांना पायाची तपासणी करून घ्या हे सांगावंच लागलं नाही, ते स्वतः विचारत आले की बधिर पायांनी कुठले बूट चालतील.

तुमच्या लिहिण्यात मला असं एक कारण दिसलं, तुम्ही ते ओझरतं लिहून पुढे गेलात. "पूर्वी रविवारी तळजाईवर मैत्रिणींबरोबर जायचे, आता दम लागतो म्हणून त्यांना नाही म्हणते." ताई, तिथे थांबा. त्या टेकडीवर कोण कोण येतं, किती वाजता निघायचात, उतरल्यावर कुठे बसून गप्पा व्हायच्या, हे एका कागदावर लिहा. आईच्या डोळ्यांबद्दलचं नका लिहू, हे लिहा. फक्त चढताना दम लागतो, तो नुसता सवय मोडल्यामुळे की हृदयाचं काही, हे डॉक्टरांकडून तपासून घेतल्याशिवाय एकदम टेकडी चढू नका. मधुमेहात, विशेषतः बायकांमध्ये, हृदयाचा त्रास छातीत न दुखता नुसत्या दमानंही दिसतो.

मग स्वतःलाच एक प्रश्न विचारा. तळजाईवर पुन्हा जाण्यासाठी शुगरकडे लक्ष देणं मला आत्ता शून्य ते दहामध्ये किती महत्त्वाचं वाटतं? समजा चार आलं. तर "फक्त चारच का?" असं विचारू नका, घरच्यांनाही विचारू देऊ नका. "दोन का नाही, चार का?" असं विचारा. दोनपेक्षा वर का आहे, याची जी कारणं तुमच्या तोंडून निघतील ती तुमची असतील. समुपदेशनात हा प्रश्न बरीच वर्षं वापरतात, कारण दुसऱ्यानं दिलेल्या दहा कारणांशी माणूस मनात वाद घालतो, स्वतः बोललेल्या एका कारणाशी घालत नाही.

यानंतर हातात पुरावा हवा. एचबीएवनसी तीन महिन्यांनी येतं, तोवर काय केल्यानं काय झालं हे कळत नाही. ग्लुकोमीटर मात्र दोन तासांत सांगतो. स्ट्रिप महाग पडतात म्हणून रोज चार वेळा टोचायची गरज नाही. आठवड्यातून दोन-तीन दिवस, एकच जेवण निवडा. पहिला घास घेण्याआधी एकदा आणि तिथून दोन तासांनी एकदा. दोन आकडे आणि काय खाल्लं ते वहीत लिहा. चतुर्थीच्या साबुदाण्याच्या खिचडीनंतर बघा. साबुदाणा हा जवळपास सगळाच स्टार्च, आणि उपवास म्हणून आपण तो निर्धास्त खातो. दुसऱ्या दिवशी तितक्याच वाजता ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ आणि काकडी खाऊन बघा. तिसऱ्या दिवशी नेहमीचंच जेवण, पण उठल्यावर सोसायटीच्या आवारात पंधरा मिनिटं साध्या चालीनं फेऱ्या. चालताना स्नायू इन्सुलिनवर फारसे अवलंबून न राहता रक्तातली साखर ओढून घेतात, त्यामुळे हा फरक पुष्कळांना पहिल्याच दिवशी आकड्यात दिसतो. जेवणानंतर दोन तासांनी 180 च्या आत, असं साधारण लक्ष्य असतं. पण पहिले काही आठवडे लक्ष्याकडे बघू नका, आधीच्या आणि नंतरच्या आकड्यातला फरक बघा. 260 आलं तरी ते परीक्षेतले गुण नाहीत. त्या जेवणाबद्दलची ती माहिती आहे. माझ्या सल्ल्यापेक्षा तुमच्या वहीतल्या दोन ओळींवर तुमचा जास्त विश्वास बसेल, आणि तसाच बसायला हवा.

इथे एक सावधगिरी. ग्लिमेपिराइड घेत असताना अचानक जेवण कमी केलं, उपवास धरला किंवा खूप चाललात तर शुगर नको इतकी उतरू शकते. हात थरथरले, दरदरून घाम आला, एकदम भूक लागली, गोंधळल्यासारखं झालं तर तपासा. 70 च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. तपासायला मीटर जवळ नसेल तरी साखर आधी घ्या. पर्समध्ये ग्लुकोजची पुडी ठेवा. आणि असं वारंवार होत असेल तर गोळी आपल्या मनानं बंद न करता डॉक्टरांकडून डोस बदलून घ्या. एकदा शुगर उतरण्याची धास्ती बसली की माणूस नकळत ती चढीच ठेवतो. "माझं मनच तयार होत नाही" यामागे पुष्कळदा ही धास्ती असते.

घराबद्दल. तुमचे यजमान आणि सासूबाई रोज टोकतात, त्यात काळजी आहे, पण त्यानं तुमचं काम अवघड होतं. टोकलं की तुम्ही लपवून खाता, हे तुम्हीच लिहिलंय. त्यांना नेमकं काम द्या. यजमानांना सांगा, "मला 'भात खाऊ नकोस' म्हणू नका, रात्री जेवल्यावर माझ्याबरोबर खाली फेऱ्या मारायला चला, आणि मागची आवराआवर आल्यावर दोघं मिळून करू." सासूबाईंना सांगा की कोशिंबीर आणि उसळ सगळ्यांच्या ताटात, मधुमेहाचं वेगळं ताट नको. आणि उरलेला भात. मी ज्यांच्या ज्यांच्याशी बारकाईनं बोलले त्यातल्या कितीतरी बायकांची शुगर रात्री पातेल्यात उरलेल्या भातावर अडकलेली असते. वाया जाऊ नये म्हणून उभ्या उभ्या खाल्लेला तो भात त्यांच्या लेखी जेवणात धरलेलाच नसतो. तो डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवायचा आणि सकाळी फोडणीचा भात घरातल्या बाकीच्यांना. एवढा एक बदल महिनाभर करा. सोबत दुसरा काही नको.

गोडाला कायमची बंदी मी कुणालाच घालत नाही. गणपतीत उकडीचा मोदक खायचाच असेल तर त्या जेवणात भात नाही, एवढं आदल्या दिवशी ठरवा. ताटावर बसल्यावर ठरवायला गेलं की नेहमी आग्रह जिंकतो. बँकेत वाढदिवसाचा केक आला की काय करायचं, दुपारचा अमृततुल्यचा चहा किती साखरेचा सांगायचा, हेही आधी ठरवून ठेवलेलं बरं. दिवाळीत घडी मोडणारच. मोडल्यावर सोमवारची वाट बघू नका, पुढच्या जेवणाला परत या.

आता इन्सुलिन, कारण माझ्या मते तुमची खरी गाठ तिथे आहे. डॉक्टर ते बोलले आणि तुम्हाला शिक्षा सुनावल्यासारखं वाटलं. ब्रिटनमधल्या ज्या अभ्यासाचा मी वर उल्लेख केला, त्यातच असंही दिसलं की टाइप 2 मधुमेहाचं निदान होतं तोवर इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींची साधारण निम्मी क्षमता गेलेली असते आणि पुढे ती हळूहळू कमीच होत जाते. म्हणजे आठव्या वर्षी औषध वाढवावं लागणं हा आजाराचा स्वभाव आहे, तुमच्या वागण्याचा निकाल नाही. आजकाल पेनची सुई 4 मिलिमीटरची असते, आणि सुरुवातीला बहुधा दिवसातून एकदाच घ्यायचं असतं. बोट टोचून शुगर तपासण्यापेक्षा ते कमी दुखतं, असं घेणारे बहुतेक जण सांगतात. शिवाय इन्सुलिन हा एकच रस्ता असेल असंही नाही, इतर औषधंही आहेत. तुमचं वजन, मूत्रपिंड, हृदय आणि खिसा पाहून डॉक्टर ठरवतील. पण त्यासाठी तुम्ही समोर बसायला हवं. जाताना वहीतल्या आकड्यांच्या आठ-दहा जोड्या न्या आणि खुर्चीत बसल्याबरोबर सांगा: "इन्सुलिनचं ऐकून मी घाबरले म्हणून आले नाही. मला पुन्हा तळजाई चढायची आहे. पहिली पायरी 8 ची ठरवू या का?" कुठलाही चांगला डॉक्टर हे ऐकून खुर्ची पुढे ओढेल. रागावलेच, तर पुण्यात डॉक्टरांची वानवा नाही, बदला. फक्त मध्ये वर्ष जाऊ देऊ नका.

त्या भेटीच्या आधी किंवा त्याच आठवड्यात डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडासाठी लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि पाय, एवढं तपासून घ्या. पडद्याची तपासणी सगळ्यात आधी. बऱ्याच काळापासून वाढलेली शुगर झपाट्यानं खाली आणली तर पडद्यावर आधीपासून असलेला त्रास काही काळ बळावू शकतो, म्हणून औषध वाढवण्यापूर्वी तो पाहिलेला असावा. काही सापडलं तरी आज लेझर आहे, डोळ्यात द्यायची इंजेक्शनं गेल्या वीसेक वर्षांत आली आहेत, आणि लवकर सापडलं तर नजर टिकवता येते. तपासणीत बाहुली मोठी करायचे थेंब घालतात, त्यानंतर काही तास नीट दिसत नाही आणि ऊन डोळ्यांना सहन होत नाही. त्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाका, स्कूटर घरीच ठेवा आणि यजमानांना बरोबर न्या.